रविवारनंतरचा ख्रिस्ती माणूस

"सर, लक्ष्मीबाई प्रार्थना करू लागतात तो भाग परीक्षेला आहे का?"

सात वर्षांपूर्वी नाशकातल्या एका महाविद्यालयात एम.ए.च्या वर्गावर 'स्मृतिचित्रे' शिकवीत असताना एका विद्यार्थिनीने मला हा प्रश्न विचारला. तास संपत आला होता. मी घड्याळाकडे पाहिले आणि म्हणालो, "तो भाग तसा महत्त्वाचा नाही. विनोद, निवेदनशैली आणि तत्कालीन स्त्रीजीवन एवढे नीट करा." तिने वहीत काहीतरी लिहिले आणि मान खाली घातली. हजेरीपटावरचे तिचे आडनाव त्या वर्गात आणखी तिघांचे होते. ती ख्रिस्ती आहे हे मला ठाऊक नव्हते. ठाऊक असते तर माझे उत्तर बदलले असते काय? बहुधा बदलले असते, आणि अधिक वाईट झाले असते. मी म्हणालो असतो, "अरे वा, तरी मराठी किती छान आहे तुमचे!"

हा 'तरी' हाच माझ्या लेखाचा विषय आहे. मी ख्रिस्ती नाही. मराठीचा प्राध्यापक आहे, आणि ज्या व्यवसायावर येथे टीका करणार आहे त्याच व्यवसायावर माझे घर चालते. म्हणून आरोपीच्या पिंजऱ्यात आधी मी स्वतः उभा आहे, हे सांगून ठेवतो. आरोप असा: मराठी वाङ्मयाला, समीक्षेला आणि अध्यापनाला धर्मांतराची गोष्ट सांगता येते, धर्म जगण्याची गोष्ट, तो धर्म ख्रिस्ती असेल तर, सांगता येत नाही. ती सांगता येत नाही एवढेच नव्हे, ती समोर छापील पुस्तकात असली तरी आपण ती वाचत नाही.

'स्मृतिचित्रे'च घ्या. १९३४ ते १९३६ या काळात चार भागांत प्रसिद्ध झालेले हे आत्मचरित्र मराठीतल्या सर्वोत्तम गद्यग्रंथांपैकी एक आहे, याबद्दल दुमत नाही. लक्ष्मीबाई नाशिकजवळच्या जलालपूरच्या. १८६८चा जन्म, सोवळ्याओवळ्याने पछाडलेले वडील, लहान वयात नारायण वामन टिळकांशी लग्न, नवऱ्याचा विक्षिप्त आणि उदार स्वभाव, घरातली सततची चणचण. हे सारे आपण रसाळपणे शिकवतो. विद्यार्थी हसतात, आपणही हसतो. मग १० फेब्रुवारी १८९५ ही तारीख येते. टिळक मुंबईत बाप्तिस्मा घेतात. येथे आपला आवाज गंभीर होतो: पतिपत्नींची ताटातूट, समाजाचा रोष, एका स्त्रीची होरपळ. पुढे त्या नवऱ्याकडे जातात, काही वर्षांनी स्वतः बाप्तिस्मा घेतात, आणि आपण पुस्तक जवळजवळ मिटतो. उरलेला मजकूर आपल्या टिपणांत 'उत्तरायुष्य' या एका शब्दात मावतो.

त्या उत्तरायुष्यात काय आहे? एक बाई धर्म बदलल्यानंतर रोजचा दिवस कसा काढते ते आहे. देवाशी बोलण्याची तिची रीत आहे. ती रीत व्यासपीठावरची नाही, स्वयंपाकघरातली आहे. लोकांच्या आजारपणात धावून जाणे आहे, अनाथ पोरे घरात आणून ठेवणे आहे, पैसे नसताना पाहुणे येणे आहे. या सगळ्यात श्रद्धा मिठासारखी विरघळलेली आहे. मिठाचा खडा वेगळा काढून दाखवता येत नाही म्हणून ते स्वयंपाकात नव्हतेच, असे म्हणण्यासारखे आपले शिकवणे आहे.

खुद्द टिळकांची गत निराळी नाही. शाळेपासून विद्यापीठापर्यंत ते 'फुलामुलांचे कवी' आहेत. 'केवढे हे क्रौर्य' पाठ्यपुस्तकांतून पिढ्यान्‌पिढ्या पाठ झाले. पण टिळकांनी ख्रिस्तावर रचलेली भजने 'उपासना संगीता'त आहेत आणि महाराष्ट्रातल्या मराठी चर्चांमधून आजही गायली जातात. शंभराहून अधिक वर्षे ज्या कवीच्या रचना लोकांच्या ओठांवर आहेत, त्याच्या नेमक्या त्याच रचना मराठीचा एम.ए. झालेला माणूस वाचत नाही. दुसऱ्या कोणत्या कवीबद्दल आपण हे खपवून घेतले असते? तुकोबांच्या वाटेने आपण ख्रिस्ताकडे आलो अशी टिळकांची स्वतःची धारणा होती. म्हणजे त्यांची भजने भक्तिकाव्याच्या अभ्यासक्रमात हक्काने बसायला हवीत. ती तेथे नाहीत, कारण आपल्या लेखी तो 'त्यांचा' विषय आहे.

असो. ती विद्यार्थिनी मला गेल्या पावसाळ्यात त्र्यंबक नाक्यावर भेटली. आता तिशीला टेकली आहे. घरासाठी कर्ज देणाऱ्या एका कंपनीत फायली तपासण्याचे काम करते. आम्ही चहा घेतला. मी विचारले, काही लिहितेस की नाही? ती म्हणाली, "सर, आमच्यात गोष्ट सांगायला उभं केलं की साक्ष द्यावी लागते. आधी मी अंधारात होते, मग प्रकाश दिसला. मला साक्ष नाही. मी लहानपणापासून अशीच आहे."

हे वाक्य मी अनेक दिवस मनात घोळवले. ख्रिस्ती परंपरेतली 'साक्ष' आणि मराठी साहित्यातली 'धर्मांतराची कथा' ही एकाच साच्याची भांडी आहेत, हे मला तोवर उमगले नव्हते. बाबा पदमनजींपासून पाहा. मराठीतली पहिली कादंबरी मानली जाणारी 'यमुनापर्यटन' (१८५७) लिहिणारा हा माणूस वाङ्मयेतिहासात येतो तो धर्मांतरित म्हणून. पंडिता रमाबाई १८८३ साली इंग्लंडात बाप्तिस्मा घेतात, आणि त्यांच्याविषयीचा आपला सारा वाद त्या एका घटनेभोवती फिरत राहतो. टिळक दांपत्याचे वर सांगितलेच. या सर्व कथांत एक उंबरठा आहे, तो ओलांडणारा उच्चवर्णीय माणूस आहे आणि दाराच्या दोन्ही बाजूंना उभे असलेले प्रेक्षक आहेत. नाट्य आहे, यात शंका नाही. पण उंबरठा ओलांडून माणूस ज्या घरात गेला, त्या घरात चूल कशी पेटते, भांडणे कशावरून होतात, पोरांना नोकऱ्या कुठे लागतात, याची चौकशी करायला आपण कधी आत गेलो नाही. माझ्या विद्यार्थिनीच्या घरात उंबरठा ओलांडला तो तिच्या पणजोबांनी. ती त्या घरातच जन्मली. आपल्या वाङ्मयाच्या हिशेबी तिच्या आयुष्यात सांगण्याजोगे काही घडलेलेच नाही.

आणि तिचे पणजोबा ब्राह्मण नव्हते. नाशिक-नगर पट्ट्यातल्या मराठी ख्रिस्ती समाजाचा मोठा भाग गावकुसाबाहेरच्या वस्त्यांतून आलेला आहे. या लोकांनी धर्मांतराविषयी ग्रंथ लिहिले नाहीत. त्यांच्या नातवंडांना मात्र आजही धर्मांतराचाच जाब द्यावा लागतो. १९५०च्या अनुसूचित जातींविषयीच्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जात हिंदूंपुरती ठेवली. १९५६ साली शिखांचा आणि १९९० साली बौद्धांचा त्यात समावेश झाला. ख्रिस्ती बाहेरच राहिले. महाराष्ट्रात ते इतर मागासवर्गीयांच्या यादीत येतात. या व्यवस्थेच्या बऱ्यावाईटाचा काथ्याकूट येथे करायचा नाही. परंतु तिच्यामुळे प्रत्येक तरुणाला कधी ना कधी एका टेबलापुढे उभे राहून "मूळचे कोण?" या प्रश्नाचे उत्तर द्यावे लागते. कचेरीतला कारकून हा प्रश्न दाखल्यासाठी विचारतो. आम्ही समीक्षक तोच प्रश्न कुतूहल म्हणून विचारतो. दोघांनाही त्या तरुणाचा आजचा दिवस नको असतो.

वास्तविक नाशकाला हा आजचा दिवस नवा नसावा. कॉलेज रोडवरून शरणपूर रोडवर वळणाऱ्या किती जणांनी 'शरणपूर' हा शब्द थांबून ऐकला आहे? एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला चर्च मिशनरी सोसायटीने नाशिकजवळ ख्रिस्ती वसाहत उभी केली, तिचे हे नाव. शरण आलेल्यांचे गाव. तेथे केवळ प्रार्थना होत नव्हती. सुतारकी, लोहारकाम असे धंदे शिकवले जात होते. हिंदी महासागरात गुलामांची वाहतूक करणारी अरब गलबते इंग्रजी आरमार पकडत असे. त्यांतून सोडवलेली आफ्रिकी मुले मुंबईस उतरत, आणि त्यांपैकी काही या शरणपुरात येऊन वाढली. इंग्रजी कागदपत्रांत त्यांना 'नासिक बॉईज' हेच नाव पडले. त्यांतला एक जेकब वेनराइट. १८७३ साली डेव्हिड लिव्हिंग्स्टन मध्य आफ्रिकेत वारला तेव्हा त्याच्या सोबत्यांनी त्याचे हृदय तेथेच एका झाडाखाली पुरले. दफनविधीची प्रार्थना वाचली ती या नाशिकच्या पोराने, आणि झाडाच्या बुंध्यावर अक्षरे कोरली तीही त्यानेच. मग ते शव महिनोन्‌महिने पायी चालत किनाऱ्यापर्यंत आणण्यात आले. १८७४च्या एप्रिलमध्ये लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत लिव्हिंग्स्टनला पुरले तेव्हा शवपेटीला आधार देणाऱ्यांत वेनराइट होता. पुढच्याच वर्षी मोंबासाजवळ फ्रियरटाउन नावाची वसाहत उभी राहिली. तिच्या उभारणीसाठी शरणपुरात वाढलेली माणसे गेली.

हे मी साम्राज्याचे गोडवे गाण्यासाठी सांगत नाही. मिशन आणि साम्राज्य यांचे लागेबांधे आपण शिकवतो, शिकवलेच पाहिजेत. सांगायचे ते इतकेच की विशीतला एक ख्रिस्ती तरुण, हाताला कामाची सवय असलेला, तोंडी प्रार्थना पाठ असलेला, या शहराच्या इतिहासात दीडशे वर्षांपूर्वी उभा आहे. त्याने काम आणि श्रद्धा यांची जी गाठ मारली, तिचे पुढचे टोक आज सातपूर-अंबडच्या कारखान्यांत सापडते. मध्ये दीडशे वर्षांचे कोरे पान आहे, आणि ते कोरे ठेवण्यात आपला हात आहे.

ते टोक मला दाखवले त्या विद्यार्थिनीच्या धाकट्या भावाने. तो अंबडच्या एका कारखान्यात ठेकेदारामार्फत सीएनसी मशीन चालवतो. पाळ्या बदलतात. साप्ताहिक सुटी रविवारी मिळेलच असे नाही. सकाळच्या उपासनेला गेला तर दुसऱ्या पाळीला धावत जावे लागते, आणि रात्रपाळी करून आला तर तो प्रवचनात पेंगतो. मी विचारले, श्रद्धेची परीक्षा कधी होते? माझ्या डोक्यात छळ, बहिष्कार वगैरे मोठे शब्द होते. तो म्हणाला, "खंडेनवमीला."

ज्यांनी औद्योगिक वसाहतीतली खंडेनवमी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. मशीने पुसून लख्ख करतात, झेंडूच्या माळा घालतात, हळदकुंकू वाहतात, नारळ फुटतो, आरती होते, पेढे वाटतात. वर्षातला हा एक दिवस साहेब आणि कामगार एका रांगेत उभे असतात. तो म्हणाला, पहिल्या वर्षी मी पोट दुखतंय म्हणून दांडी मारली, आणि देवासाठी खोटे बोललो याचेच पोटात दुखत राहिले. दुसऱ्या वर्षी सगळ्यांबरोबर आरतीत उभा राहिलो, कपाळाला कुंकू लागले, ते घरी शिरण्याआधी नळावर धुतले; तेव्हा दोन्हीकडे चोर झाल्यासारखे वाटले. तिसऱ्या वर्षी सुपरवायझरला आधीच सांगितले: मशीन मीच पुसणार, माळही मीच घालणार, कारण या मशीनवर माझे पोट आहे, आरतीच्या वेळी मात्र दाराशी उभा राहीन. सुपरवायझर हसला, म्हणाला, "राहा की. पेढा खाशील ना?"

प्रश्न खरा तेथे सुरू होतो. पेढा खायचा की नाही? त्यांचे पाळक म्हणाले, खाऊ नये. आजी म्हणाली, माणसाने प्रेमाने दिलेले अन्न आहे, खा. त्याने खाल्ला, आणि वर्षभर आजी बरोबर की पाळक बरोबर याचा विचार करीत राहिला.

वाचकांपैकी कोणाला हा विचार क्षुल्लक वाटला असेल तर त्यांनी करिंथकरांस लिहिलेले पौलाचे पहिले पत्र काढून आठवा अध्याय वाचावा. मूर्तीला वाहिलेले अन्न खावे की न खावे, आपल्या खाण्याने दुसऱ्याच्या मनाला ठेच लागेल काय, हाच प्रश्न तेथे पहिल्या शतकातल्या व्यापारी शहरातल्या माणसांना छळतो आहे. आणि ज्यांना बायबल परके वाटते त्यांनी पुन्हा 'स्मृतिचित्रे' उघडावे. तो ग्रंथ सुरू होतो तो वडिलांच्या सोवळ्याने: बाहेरून घरात आलेला प्रत्येक जिन्नस धुऊन घेण्याच्या वेडाने. नवऱ्याकडे राहायला आल्यावरही लक्ष्मीबाई कितीतरी काळ आपले खाणेपिणे वेगळे ठेवतात. हा भेद देवाने केला की माणसाने, या विचाराशी त्या झगडतात, आणि शेवटी दुसऱ्याच्या हातचे पाणी पितात. कोणाच्या हातचे खावे, कोणाच्या हातचे प्यावे, आणि त्याने आपले काय होते: लक्ष्मीबाईंच्या आयुष्याचा कणा हा प्रश्न आहे. अंबडच्या कारखान्याच्या दारात पेढा हातात घेऊन उभा असलेला हा पोरगा त्याच प्रश्नाचा वारस आहे. फरक इतकाच की लक्ष्मीबाईंच्या पाण्यावर आपण प्रश्नपत्रिका काढतो, आणि याच्या पेढ्यावर मराठीत लिहिलेले एक पान मला आठवत नाही.

बहिणीची परीक्षा निराळी आहे. तिच्या कामात अर्जदाराच्या घरी कोणीतरी जाऊन पत्ता पडताळून आल्याची खूण करायची असते. महिनाअखेरीला फायलींचा ढीग असतो आणि वरून घाई असते. कोणी गेलेले नसतानाही खूण होते. "मीही केली आहे, सर," ती म्हणाली. "रविवारी चर्चमध्ये सगळे मिळून पापांगीकार म्हणतात ना, तेव्हा मला पाप आठवत नाही, फाइलचा नंबर आठवतो." हे तिने हसत सांगितले. मला हसू आले नाही. पापाची इतकी नेमकी, इतकी आजची व्याख्या मी अलीकडच्या मराठी कथेत वाचलेली नाही.

येथे काही आक्षेप संभवतात. पहिला असा की धर्म ही खाजगी बाब आहे, साहित्याने त्यात कशाला शिरावे? हा आक्षेप आपण वारीवरच्या ललितलेखांना घेत नाही. ऑफिसातली सत्यनारायणाची पूजा, गणपतीची वर्गणी, आजीची जपमाळ, हे आपल्या कथाकादंबऱ्यांत 'संस्कृती' म्हणून सहज वावरते, आणि वावरायलाच हवे. बहुसंख्यांच्या श्रद्धेला संस्कृती म्हणायचे आणि अल्पसंख्यांच्या श्रद्धेला खाजगी बाब म्हणायचे, ही धर्मनिरपेक्षता नव्हे. ही सोय आहे.

दुसरा आक्षेप: साहित्यात काय आता प्रत्येक समाजाला राखीव जागा द्यायच्या? मुळीच नाही. मी ख्रिस्ती पात्रांची संख्या मोजत बसलेलो नाही. पात्रे आहेतच की. सिनेमानाटकांत तोडकेमोडके मराठी बोलणारा, गळ्यात क्रूस आणि हातात बाटली असलेला कोणी एक असतोच. खुद्द नाशकात दर फेब्रुवारीत नाशिकरोडला बाळ येशूची यात्रा भरते. गोव्यापासून वसईपर्यंतचे भाविक येतात, इतर धर्मांचे लोकही मेणबत्त्या घेऊन रांगेत उभे राहतात, वर्तमानपत्रांत छायाचित्रे छापून येतात. नाताळच्या पुरवणीत केक आणि चांदणीही येते. म्हणजे सणाचा ख्रिस्ती माणूस आपल्याला दिसतो. सणाच्या दुसऱ्या दिवशी कामावर जाणारा दिसत नाही. तो न दिसल्याने त्याचे जे नुकसान व्हायचे ते होवो. मराठीचे नुकसान असे की पेढ्याविषयीची ती तीन वर्षांची घालमेल सांगण्याची तिची ताकद तशीच गंजत पडली आहे.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार: मग त्यांनी लिहावे, कोणी अडवले आहे? अडवले आहे. काठीने नव्हे, कौतुकाने. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांची २०१९ साली मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी निवड झाली तेव्हाचे दिवस आठवा. 'मिशनरी माणूस अध्यक्ष कसा?' असे विचारणारे होते, त्यांच्याबद्दल बोलण्यात अर्थ नाही. मला खटकले ते आपण, त्यांच्या बाजूने उभे राहणारे, काय बोललो ते. आपण म्हणालो: त्यांनी ज्ञानोबा-तुकोबा वाचले आहेत, त्यांचे मराठीवर प्रेम आहे, ते पर्यावरणासाठी झटले आहेत. सगळे खरे. पण हे प्रमाणपत्र आपण दुसऱ्या कोणत्या अध्यक्षाला मागितले होते? ज्यांनी 'सुबोध बायबल' मराठीत आणले, त्या माणसाच्या बचावात आपण बायबलविषयी मात्र जपून बोललो. जानेवारी २०२०मध्ये उस्मानाबादला ते अध्यक्ष झाले. जुलै २०२४मध्ये ते गेले. पुढचे संमेलन डिसेंबर २०२१मध्ये आमच्या नाशकातच भरले. ज्या शहराच्या शेजारी लक्ष्मीबाई जन्मल्या आणि ज्या शहरात त्यांचे अखेरचे दिवस गेले, तेथे राहूनही शेजारच्या घरात कोण काय लिहिते याचा पत्ता आम्हा प्राध्यापकांना नसतो. सिसिलिया कार्व्हालो, अनुपमा उजगरे यांची नावे आम्हाला चर्चासत्रात 'ख्रिस्ती साहित्य' या सत्रापुरती आठवतात. एरवी कवी या सत्रात नाही.

आता दुसऱ्या बाजूला. ख्रिस्ती समाजातल्या जाणत्यांना राग आला तरी हे बोलले पाहिजे. 'ज्ञानोदय' १८४२ साली सुरू झाला, 'निरोप्या' १९०३ साली. एवढी जुनी नियतकालिकांची परंपरा मराठीत फार थोड्या समाजांना आहे. पण या परंपरेतून तरुण लेखकाकडे मागणी होते ती प्रवचनाची, प्रार्थनेची आणि साक्षीची. त्यात संशयाला जागा शेवटच्या परिच्छेदापुरती, तीही निरसनासाठी. कुंकू धुऊन घरात शिरणाऱ्या मुलाची गोष्ट छापायला तेथेही संकोच वाटेल, कारण त्या गोष्टीचा बोध काय हे सांगता येत नाही. शिवाय बऱ्या परिस्थितीतली घरे मुलांना इंग्रजी शाळेत घालतात, आणि तरुणांच्या मेळाव्यांत गाणी हिंदी-इंग्रजीत होतात. टिळकांची भजने आजी म्हणते, नातवाला ती अर्धी कळतात. मराठी आपल्याला परके मानते म्हणून मराठी सोडायची, आणि मग परके ठरायचे. या चक्राला दोन्ही हात लागलेले आहेत. तरीही दोष वाटून समान होत नाही. दार ज्याच्या ताब्यात आहे त्याची जबाबदारी अधिक, आणि अभ्यासक्रमाचे दार आमच्या ताब्यात आहे.

म्हणून माझ्या व्यवसायबंधूंना आणि भगिनींना काही रोकड्या सूचना. 'स्मृतिचित्रे' नेमायचे असेल तर त्यातला बाप्तिस्म्यानंतरचा भागही तितक्याच तासांत शिकवा. नाहीतर ते नेमू नका, विनोदी उताऱ्यांचे दुसरे पुस्तक शोधा. टिळकांची भजने भक्तिकाव्यात घ्या आणि ती अभंगांशेजारी ठेवून त्यांची चिकित्सा करा. चिकित्सा म्हणजे आरती नव्हे, त्यातले दुबळेही दाखवा. फादर स्टीफन्सचे १६१६चे 'ख्रिस्तपुराण' केवळ मराठीच्या स्तुतीच्या ओव्यांपुरते न वापरता त्यात कथा कोणाची आहे तेही विचारा. वर्गात 'तुमचे मराठी तरी छान आहे' हे वाक्य पुन्हा उच्चारू नका. ज्याची पणजी मराठीत प्रार्थना करीत होती त्याला मराठीचे प्रशस्तिपत्र देणारे आपण कोण?

आणि त्या दोघा भावंडांना, त्यांच्यासारख्या अनेकांना, एक विनंती. साक्ष नसली तर नसो. पेढ्याबद्दल लिहा. फाइलच्या नंबराबद्दल लिहा. पाळक बरोबर की आजी बरोबर, हे ठरले नसेल तर न ठरवता लिहा. ते वाचून तुमच्याच मंडळीतले कोणी नाराज होतील, आमच्यातले कोणी त्यात धर्मप्रचार शोधतील. दोघांनाही शोधू द्या.

त्र्यंबक नाक्यावर निरोप घेताना मी तिला तिच्या जुन्या प्रश्नाची आठवण करून दिली. तिला तो आठवत नव्हता. मला आठवतो. उत्तर द्यायला सात वर्षे लागली, त्याबद्दल दिलगीर आहे. होय, तो भाग परीक्षेला आहे.